उलटी कवडी

प्रिय पायल,

फोनवर तुला 'ए कार्टे' म्हणायची सवय, त्यामुळे 'प्रिय' लिहिताना माझं मलाच हसू आलं. फोन असताना आईला, म्हणजे तुझ्या याडीला, पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. पण तुझ्या खोलीत आणखी दोघीजणी राहतात, आणि इथे माझा फोन अर्धा दिवस तुझ्या भावाच्या, सुनीलच्या हातात असतो. म्हणून हे दीपाच्या हाती पाठवतेय. ती उमरखेडहून एसटीने परीक्षेला यवतमाळला येतेय. सोबत पापड्या आहेत, त्या पोरींनाही दे. पत्र मात्र एकटीनं वाच.

तुझ्या आजीशिवायची ही पहिलीच तीज. टोपल्यांतला गहू यंदा चांगला तरारला होता, पण गाणी सुरू झाली आणि मला सारखं वाटत राहिलं की आता सासूबाई मागून सूर चुकल्याचं सांगतील. तुझी आजी मानीबाई म्हणजे सरळ बोलणं नाहीच. शिवायला बसायची तेव्हा आरसे, कवड्या, टाके सगळं नेमकं, आणि शेवटी एक कवडी मुद्दाम उलटी टाकायची. काम फार नेटकं झालं की नजर लागते, म्हणे. तू यवतमाळला लोहाऱ्याच्या जिनिंगमध्ये नोकरीला निघालीस तेव्हा तिनं आपली डोक्यावरची कवड्यांची चुंबळ तुझ्या बॅगेत कोंबली. तिकडे नळ आहे, हंडा कोण उचलणार, असं मी म्हटलं, तर म्हणाली, ओझं काय पाण्याचंच असतं का! तेव्हा मी तिला हसले होते.

आता मुद्द्याचं सांगते. आखाडीच्या सणानंतर एक दिवस फुलचंद मुकादम अंगणवाडीत आला. पलीकडल्या तांड्याचा तो, तुला माहीत आहे. दर हंगामाला आपल्या बाया जिनिंगला नेतो. सोबत जिनिंगचा एक माणूस होता, म्हणून आपली गोरबोली सोडून वऱ्हाडीत बोलला. मोबाइल काढून त्यानं मला एक चित्र दाखवलं. कुणी 'सरकी' नावाची बाई आहे, ती इंटरनेटवर मालकाच्या विरोधात लिहिते, आणि तिच्या नावापाशी हे चित्र आहे. 'मले फक्त येवढं सांगा बाई, हे उलटी कवडी तुमच्या तांड्यात कोन लावते? एक नाव भेटलं का आमचं काम झालं. मंग ती बी घरी आन तिले माहिती देनाऱ्या बाया बी घरी.'

चित्रात तुझ्या आजीची चुंबळ होती.

घाबरले मी, पण तोंड कधी अडलंय का माझं? मी म्हटलं, 'कोन नाही लावत ते इचारा. आमच्या इथं समद्याच लावतात. तीजले या, डोयानं पाहा.' तो गेल्यावर मी पोरांची खिचडी करपवली.

त्या रात्रीपासून मी सरकीला वाचायला बसले. अंगणवाडीच्या ॲपमध्ये सतरा वेळा अडकणारी मी, पण तिथं शिरले. ती जागा मला आवडली. सगळ्यांवर एक मालक नाही, वेगवेगळ्या लोकांनी आपापले सर्व्हर चालवायचे. आपल्या तांड्यांसारखंच आहे. प्रत्येकाचा नायक वेगळा, नियम वेगळे, तरी बोलणंचालणं सगळ्यांशी. आणि तू तिथं किती जपून राहिलीस ते पाहून मी थक्क झाले. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. आज घडलेलं आज कधी लिहिलं नाहीस, चार-आठ दिवस जाऊ दिलेस, म्हणजे त्या दिवशी कामावर कोण होतं त्यावरून कुणी माग काढायला नको. बोलीसुद्धा बदललीस. 'मले' नाही, 'तुले' नाही, एकदम शाळेतल्या बाईंसारखी. मला जन्मात असं लपता आलं नसतं. लहानपणी लपाछपीत तूच पहिली सापडायचीस, कारण हसू आवरायचं नाही.

पण नेमकी चूक कुठे केलीस! जग तुला ओळखणार नाही याची सगळी तजवीज केलीस आणि आजीला सोबत घेऊन बसलीस. अशी चूक आपल्याच घरची पोरगी करू जाणे. मला राग आला नाही. मी पदरात तोंड घालून रडले, मग हसले.

प्रेमसिंगकाकाची सून संगीता, तिच्यावर तू लिहिलंस ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. 'मशीनच्या पट्ट्याला जाळी नाही, आणि बायांना सांगतात, पदर सांभाळा.' पट्ट्यात तिची दोन बोटं गेली तेव्हा आम्ही सगळे तिच्या नशिबाला बोल लावत बसलो. तू पट्ट्याला बोल लावलास. वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसून, खाली मान घालून, कुणाला पत्ता न लागू देता लिहीत राहिलीस. तपासणी आली, जाळ्या बसल्या. पायल, मी तुझी याडी आहे हे कुणाला सांगता येत नाही, याचं फार वाईट वाटतं बघ. अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये बाया पोरांच्या नोकऱ्या सांगतात, आणि मी म्हणते, आमची आहे एका ठिकाणी, कॉम्प्युटरवर. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता माझ्या थापेचं ऐक. बोलून तर बसले, पण तांड्यात उलटी कवडी एकट्या तुझ्या आजीची. मी बायांना एवढंच म्हटलं की सासूबाईंशिवायची पहिली तीज आहे, यंदा त्यांच्या आठवणीला प्रत्येकीनं एक कवडी उलटी टाका. काहून, कायले, असं एकीनंही विचारलं नाही. एरवी मीठ मागायला गेलं तरी चार प्रश्न विचारणाऱ्या बाया या! आपापल्या चुंबळी काढल्या आणि बसल्या उसवायला. माहेरवाशिणींनी आपल्या तांड्यांतही कळवलं. तीजच्या दिवशी फुलचंद खरंच आला. पोरी टोपल्या घेऊन निघाल्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर उलटी कवडी. तो एकेक चुंबळ बघत राहिला, मग चहा न घेताच गेला. पोरींनी फोटो काढून जिथं तिथं टाकले, सरकीच्या त्या जागेवरही. आता तुझं चित्र बदलू नकोस. तिथं पुसलेलं दुसऱ्या तांड्यात उरतं, असं मी वाचलंय. आणि आता बदललंस तर चोराच्या मनात चांदणं होईल. एक मात्र ऐक. तिथल्या खाजगी निरोपात बायांची नावं लिहू नकोस, ते निरोप तिथल्या नायकाला उघडता येतात. हे पत्रही वाचून गॅसवर धर.

मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, नोकरी सोडून घरी येते, कंटाळा आला. तुला कंटाळा नाही आला गं, तू घाबरलीस; तिकडेही सरकीचा शोध सुरू झाला असणार. आखाडीपासून सरकी गप्प आहे, तेव्हाच मला कळलं. भीतीपोटी मात्र येऊ नकोस; भीती संपल्यावरही यावंसं वाटलं तर ये, तोवर तिथंच राहा, हे सांगायला लिहायला बसले. हंगाम लागला की संगीता पुन्हा त्याच जिनिंगला जाणार आहे, जाळ्या बसल्या म्हणून. पापड्यांसोबत एक नवी चुंबळ पाठवतेय, ती तिनं शिवलीय, उरलेल्या बोटांनी. शेवटची कवडी उलटी करून टाका घालताना ती मान वर न करता म्हणाली, 'काकू, सरकी काहून बोलून नाही राह्यली?' मी म्हटलं, बोलेल. माझी एक थाप तांड्यानं खरी केली. ही तेवढी तू खरी कर.

तुझीच,
याडी