बा माझ्यावर अवलंबून असल्याबद्दल

नाही अल्लालमामा, सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडू नका. व्हिसाच्या खिडकीवर काय बोलायचं, ते मी बांना फोनवर पुन्हा पुन्हा शिकवलं होतं. तुम्ही बाहेर गाडीत चहा पीत बसला होतात, म्हणून तुम्हाला अर्धीच हकीकत कळली आणि ती अर्धीच तुम्ही आपल्या तादल्याच्या कॅफेत सगळ्यांना सांगून मोकळे झालात. असो. आधी सलाम घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींची शुगर उतरली का, ऑलिव्हला यंदा फळ धरलं का, ते कळवा. नैमा बरी आहे, डॉक्टरीण म्हणते बाळंतपणाला अजून दोन महिने. मीही बरा आहे (नोकरी पुन्हा बदलली, आता बटाटे कापण्याच्या कारखान्यात आहे, पण हे आईला एवढ्यात नको).

आता इथला कायदा ऐका. माझा पासपोर्ट स्पेनचा आणि पोट बेल्जियममध्ये, म्हणून माझ्या घरच्यांना व्हिसा लवकर मिळतो, तोही फुकट. बायको असेल तर निकाहाचा कागद पुरतो. बापाला मात्र दाखवावं लागतं की तो मुलाच्या पैशावर जगतो. (हा कायदा लिहिणाऱ्याचा बाप आपल्या गावचा नसणार.) ज्या बांनी आजवर कॅफेत कुणाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत, त्यांनी भरल्या हॉलमध्ये म्हणायचं, मी मुलाचं खातो. फोनवर म्हणायचे बिचारे, पण दर वेळी नेमका मध्येच खोकला यायचा.

त्या दिवशी कासाब्लांकाला ते पांढरा पायघोळ जेलाबा आणि नव्या पिवळ्या चपला घालून लग्नाला निघाल्यासारखे गेले. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, तुम्हाला फी नाही. झालं, तिथेच बिनसलं. फुकटचं घ्यायला मी काय भिकारी आहे, म्हणून त्यांनी नोटा आत सरकवल्या, तिने बाहेर सरकवल्या, त्यांनी पुन्हा आत. त्यांच्या पुढचा म्हातारा नुकताच कबूल करून गेला होता की मुलगाच पोसतो, आणि मागे बसलेल्या आपल्याच मुलखातल्या सगळ्या बापांनी चुकचुक केली होती. ती बांच्या कानात ताजी होती. मुलगी भली होती (हे बासुद्धा मान्य करतात). तिने हळूच विचारलं, "हाजी, मुलगा महिन्याला किती पाठवतो?"

बा मागे वळले, हॉलकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तो मला काय पाठवणार? अजून मीच त्याला पोसतो."

वर पुरावा म्हणून खेचर विकल्याची पावती खिशातून काढली. गेल्या हिवाळ्यात माझं काम सुटलं तेव्हा विकलं होतं ते. अर्ज नामंजूर. मला फोनवर सांगत होते तेव्हा आवाजात केवढा थाट! सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, म्हणाले. मी बटाट्यांच्या पट्ट्याशी उभा. कानाची पाळी भाजत होती, कारण त्यात एक शब्द खोटा नव्हता. आणि इथल्या पोरांना तर मी सांगून बसलोय की म्हाताऱ्याचा सगळा भार माझ्यावर आहे.

मामा, नैमाने निक्षून सांगितलंय, सातव्या दिवशी पोरीच्या कानात नाव आजोबाच सांगतील, दुसरं कुणी नाही. म्हणून पुन्हा अर्ज करायचा. आता मी माझ्या नावाने बँकेतून पैसे पाठवणार, म्हणजे कागद तयार होईल. तुम्ही बांना खिडकीपर्यंत न्या. मुलाचे पैसे म्हटलं तर ते रस्त्यातून परत फिरतील. सांगा की बेल्जियमच्या लोकांनी आपलं ऑलिव्हचं तेल घेतलं, त्याचे आहेत.

तुमचा भाचा,
जवाद

ता.क. हे पत्र कॅफेत वाचू नका.

ता.क. दुसरा. खरं काम इथे आहे. बांनी गावाहून इकडे सामान आणणाऱ्या व्हॅनवाल्याबरोबर बाळंतपणासाठी म्हणून गुपचूप तीनशे युरो पाठवले. तेच मी त्यांना पाठवतोय. त्यांनी घेतले की तुम्ही काहीतरी सांगून ते मागून घ्या आणि त्याच व्हॅनने मला परत पाठवा, पुढच्या महिन्यात हेच पुन्हा पाठवायचेत. कागद अगदीच खोटा नको म्हणून माझ्याजवळचे वीस त्यात घातलेत. तेवढे त्यांच्याकडेच राहू द्या. एकूण तीनशे वीस युरो.