मागच्या खोलीतली वीस मिनिटं

प्रिय अहो,

आयुष्यभर तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्रात तरी कशाला घेऊ? अक्षरावरून ओळखलंच असेल कोण लिहितंय ते.

आत्ताच का लिहितेय म्हणाल, तर दुसरं काही करायची मला बंदी आहे. तुमच्या लेकीनं मला जेवणाच्या टेबलापाशी बसवलंय आणि ती स्वतः मागच्या खोलीत गेली आहे. दार लावून. तुमच्या सायकलवर. आज पूर्वाची टेस्ट आहे, आणि हात रिकामे ठेववत नाहीत, म्हणून पेन धरलंय.

जाताना म्हणाली, "आई, मी हाक मारेपर्यंत आत नको येऊ वं. तू आली की माझं सारं लक्ष तुह्याकडे जाते."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

सायकल तीच आहे. मागचं चाक काढलेलं आणि त्या जागी तुमचं ते काळं यंत्र. आठवतं, तुम्ही ते आणलंत तेव्हा काटोलहून सासूबाई आल्या होत्या? संत्र्यांची पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी तुम्हाला विचारलं होतं, "चाक काढल्या सायकलीवर बसून कुठं जाऊन राहिला गा?" तुम्ही हसलात आणि त्यांना समजावत बसलात. रस्त्यावर वारा असतो, चढ असतो, सिग्नल असतो, म्हणून अंगात खरा दम किती आहे ते कळत नाही. खोलीत सगळं दरवेळी सारखं. वीस मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल इतक्या जोरानं पायडल मारायचं. यंत्र सरासरी सांगतं, आणि त्या आकड्यावरून पुढचा सराव ठरतो: कोणत्या दिवशी किती रेटायचं आणि कोणत्या दिवशी मुकाट्यानं हळू चालवायचं. सासूबाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मला मात्र पाठ झालं.

तिला सायकलिंग शिकवणाऱ्या राऊत सरांनी सांगितलंय, पुण्याच्या शिबिरासाठी आज संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा. चांगला आला तर पूर्वा जाणार. वर्षभर पोरगी अंधारात उठून मिहानच्या मोकळ्या रस्त्यांवर सायकल दामटते आणि मग तिथल्याच ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. तिचं आज काय पणाला लागलंय ते मला कळत नाही असं समजू नका.

पण माझंही काही पणाला लागलंय. ते तिला कोण सांगणार?

आणखी एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्हाला धक्का नको. त्या खोलीत प्लग एकच, आणि तो कूलरनं अडवलेला. म्हणून यंत्राची वायर दाराखालून बाहेर येते आणि टेबलाशेजारच्या बोर्डात जाते. तुम्हीच काढली होतीत. माझा डावा हात आत्ता त्या बटणापासून वीतभर लांब आहे. बटण दाबलं की यंत्र बंद आणि टेस्टही बंद.

अजून अंग गरम करणं चाललंय. यंत्राचा आवाज खालचाच आहे. आवाजावरून मला सगळं कळतं, इतकी वर्षं स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलंय ना. तुम्ही आत घाम गाळायचात आणि मी इकडे फोडणी द्यायची. आवाज चढला की समजायचं, आता वीस मिनिटं नवरा आपला नाही.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो रविवार तुम्हाला आठवत असेल का हो? की तिथं गेल्यावर सगळं विसरतात? सकाळी उठल्यापासून डावा खांदा दाबत होतात. मी विचारलं तर म्हणालात, "गॅस असन. टेस्ट झाली की बसतो निवांत." खांद्यात कधी गॅस होतो का? मी म्हटलं, आज राहू द्या, पुढच्या रविवारी करा. तर तुमचं आपलं एकच, एवढी तयारी केली, आता मागं कुठं फिरायचं.

नाहीच फिरलात. आयुष्यातला सगळ्यात मोठा आकडा आला, तोही चोपन्नाव्या वर्षी. मागच्या खोलीतल्या कपाटाच्या आरशावर मार्करनं ठळक लिहिलात. तर्री-पोहे मागवलेत, सदर भागातल्या तुमच्या ऑफिसच्या मित्रांना फोन लावलेत. संध्याकाळी मी विचारलं, चहा ठेवू का, तुम्ही हो म्हणालात. चहा गाळून कप घेऊन आले, तेव्हा तो प्यायला तुम्ही नव्हतात.

हार्ट अटॅक सकाळपासूनच सुरू झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. सकाळपासून! म्हणजे सायकलवर होतात तेव्हाही. त्या वीस मिनिटांत अंगानं तुम्हाला काहीतरी सांगितलंच असेल ना? एक पाय खाली टेकवायला काय लागतं? लोक मला समजावतात, शोभाताई, आवडीचं काम करता करता गेले, भाग्यवान. भाग्यवान, माझं डोंबल. चहा न पिता गेलात, त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

आवाज चढला. सुरू झाली तिची टेस्ट.

पूर्वाच्या सगळ्या तपासण्या झाल्यात बरं का. तुमचं असं झालं, म्हणून डॉक्टरांनीच करायला लावल्या. हृदय ठणठणीत आहे, खुशाल चालवू द्या, म्हणाले. तो रिपोर्ट मी फाइलमध्ये नीट लावून ठेवलाय. पण आईच्या मनाला रिपोर्ट वाचून दाखवला तर ते ऐकतं का? तिचं कपाळ तुमचं, चिडल्यावर ओठ दाबणं तुमचं. मग आतलं काय काय तुमचं घेतलं असेल, ते मशीनला तरी सगळं कुठं दिसतं?

आज सकाळी तिला एकदा हळूच म्हणून पाहिलं, की यंत्राशिवाय नाही का होत हे? राऊत सर पोरींना नुसते शर्यतीत पळवून बघत नाहीत का? ती बुटांचे बंद आवळत होती. आपला दम किती ते ठाऊक नसेल तर उगाच जास्त रेटलं जाते, म्हणून तर टेस्ट, म्हणाली. तुमचंच वाक्य. तुम्ही म्हणत होतात तेव्हाही ते मला पटलं होतं, आणि बघा काय झालं.

आवाज अजून एकसारखा आहे. छान चाललंय. तुम्ही सुरुवातीला जोरात पळायचात आणि मध्येच मंदावायचात, हिचं तसं नाही. राऊत सरांनी बजावलंय म्हणे, की पहिली पाच मिनिटं सोपी वाटली पाहिजेत. मी मनातल्या मनात म्हणतेय, सोपी वाटू दे, सोपी वाटू दे.

बाहेर ऊन रणरणतंय. दहा वाजायचे आहेत आणि गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. टेस्ट पहाटे ठरली होती, पण काल ऑफिसातून यायला तिला फार उशीर झाला आणि झोप पुरी व्हायला पाहिजे म्हणून पुढं ढकलली. नागपूरच्या मे महिन्यात टेस्ट पुढं ढकलायची नसते, हे तुम्ही असता तर सांगितलं असतंत.

निम्मं झालं असेल. घड्याळ समोर आहे, पण मी बघत नाही.

आवाज बदलला. ऐकताय ना? मघाशी सरळ होता, आता लहरतोय. खाली जातो, मग ती ओढून वर आणते, पुन्हा खाली. तुमचं असंच व्हायचं शेवटी शेवटी. पण हिचा शेवट अजून लांब आहे. माझं बोट बटणावर आहे. दाबलं तर ती जन्मभर मला माफ करायची नाही, पण माफ न करायला ती असेल तरी. अहो, काय करू? एकदा तरी सांगा. तेव्हा मी फोडणी देत बसले, आता नाही बसणार, मी आत्ताच हे

वरचं वाक्य अर्धं राहिलंय, ते तसंच राहू दे. आता दुपार झाली आहे.

मी बटण दाबलं नाही. दाबायच्या आधीच आवाज थांबला. आपसूक, एकदम. घरात इतकी शांतता झाली की पंख्याचं कुरकुरणं ऐकू आलं. दारापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही.

पूर्वा सायकलवरच होती. एक पाय खाली टेकवलेला आणि डोकं हँडलवर. छातीत दुखतं का, खांदा दुखतो का, हाताला मुंग्या येतात का, मी विचारत सुटले. तिनं मान हलवून सगळ्याला नाही म्हटलं. "डोकं गरगरून राहिलं फक्त," म्हणाली, "लय उकडून राहिलं." तेव्हा कुठं मला जाणवलं की खोलीची भट्टी झाली आहे. कूलर सुरू होता, पण गरम हवा फेकत होता. झाकण उघडून बघितलं तर टाकी कोरडी ठाक, खाली नुसती माती.

मला वाटलं तिनं भरली, तिला वाटलं मी भरली. कशी भरणार? आजवर आम्ही दोघींनी कधी भरलीच नव्हती. ते तुमचं काम होतं. मागच्या उन्हाळ्यात तर त्या खोलीचं दारसुद्धा आम्ही उघडलं नव्हतं.

तिला खाली फरशीवर निजवलं, ओला टॉवेल मानेखाली दिला, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. राऊत सरांना फोन लावला, डॉक्टरांनाही लावला. उष्णता बाधलीय, आज विश्रांती, उद्या आणून दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या तोंडावर रंग आला, तसा माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मी काय विचारावं? जी बाई बटणावर बोट ठेवून बसली होती, तीच विचारते, "काहून थांबली वं? थोडंच तर राहिलं होतं."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा नव्हते थांबले ना, म्हणून."

मी उठले. टॉवेल पुन्हा भिजवून आणला.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तू बटणापाशी होती, मले माहीत होतं. वाटलं होतं, दाबशील." मी म्हटलं, नाही दाबलं. माझं बोट कुठं होतं ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतेय, तुमच्यापाशीच ठेवा.

राऊत सरांचं म्हणणं असं, की अर्ध्या टेस्टचा आकडा काढता येत नाही आणि अंदाजानं काही कळवायचं नाही. शिबिरवाले रविवारपर्यंत थांबतात का ते विचारून बघतील, पण खात्री देत नाहीत. म्हणजे पुणं हुकूही शकतं. ती रडली. उशीत तोंड घालून, आवाज न करता, अगदी तुमच्यासारखी. मी पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मनातून देवाचे आभार मानत होते. आई असणं हे असं दुटप्पी काम आहे.

उठल्यावर तिनं मला हाताशी घेऊन सायकल फिरवली. तोंड आरशाकडे होतं, ते आता खिडकीकडे केलंय. आरशावरचा तुमचा आकडा पुसू का, मी विचारलं. राहू दे, बाबांचा आहे, म्हणाली. फक्त चालवताना तो समोर नको.

रविवारी पुन्हा टेस्ट आहे. शिबिर मिळो न मिळो, पुढचा सराव ठरवायला आकडा लागतोच, म्हणते. या वेळी पहाटे, आणि दार उघडं ठेवणार आहे.

तर माझा शब्द घ्या. कूलरची टाकी मी भरीन, रविवारी आणि त्यानंतर रोज. टेबलापाशी बसेन, पण बोर्डाकडे पाठ करून. आवाज लहरला तरी वळणार नाही. पोरीला थांबता येतं. हे ती तुमच्यामुळं शिकली, पण तुम्ही शिकवलंत असं मात्र मी म्हणणार नाही.

तुमची, अजून रागावलेली,
शोभा