वाळूवरच्या दोन खुर्च्या

२ एप्रिल २००६, रविवार

शशीचा दुबईहून फोन. काहीतरीच बोलत होता. म्हणे मे महिन्यात तुम्ही दोघं मालदीवला जायचं. त्याच्या हॉटेल कंपनीचं तिथं एक अख्खं बेट आहे. पावसाच्या तोंडावर गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा नोकरांच्या आईवडिलांना चार दिवस फुकट ठेवून घेतात. विमानाचं तिकीट तो काढणार. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून.

मी विचारलं, फुकट म्हणजे काय काय फुकट? म्हणाला, "आई, चहासुद्धा."

हे गुळाच्या अडतीवरून येऊन पाय धूत होते. सांगितलं. "तिथं काय हाय?" म्हटलं, समुद्र. "म्हंजे पाणीच न्हवं? मग रंकाळ्यानं काय घोडं मारलंय?"

तरी नाही म्हणाले नाहीत. गुळाचा हंगाम तोवर उरकलेला असतो.

६ एप्रिल, गुरुवार

शशीचं कुरियर आलं. त्या बेटाचं रंगीत पुस्तक, कागद इतका गुळगुळीत की माशी घसरावी. इंग्रजीत आहे. मॅट्रिकचं इंग्रजी घासूनपुसून वाचायला बसले. पाहुण्यांनी आधीच कळवायचं असतं — कुठल्या तीन खास गोष्टी हव्यात, फक्त आपल्यासाठी, दुसरं कोणी नाही. स्वतःपुरतं विमान. डॉल्फिन मासे बघायला स्वतःपुरती बोट. वाळूवर पडदा लावून दोघांसाठी सिनेमा. दोघांना शेजारी-शेजारी निजवून मालिश.

शेजारची नजीरा शिवलेला ब्लाउज द्यायला आली होती, तिनं पानं उलटली. एका चित्राशी थांबून म्हणाली, "वैनी, ही बाई कापडं घरात इसरली काय?" दोघी हसून हसून बेजार. ती म्हणाली, तुमच्यासाठी पोहायचं लुगडं शिवते, नऊवारी.

शेवटून दुसऱ्या पानावर एक चित्र आहे. चारी बाजूंनी पाणी आणि मधे नुसता वाळूचा पट्टा. त्यावर टेबल, पांढरं कापड, दोन खुर्च्या. खाली लिहिलंय, फक्त दोघांचं जेवण. घर नाही, चूल नाही, दारात कोणी हाका मारत नाही. 

आमटीला फोडणी द्यायची राहिली ते बघत बसण्यात.

९ एप्रिल, रविवार

फोनवर निवडानिवड. शशीनं यादी वाचली, हे रिसीव्हर कानापासून लांबच धरतात त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. विमान म्हटल्यावर ह्यांचे डोळे लकाकले. "ते घे." डॉल्फिन? "बगू या की, कसा असतोय." तिसरं मालिश, असं शशीच ठरवून मोकळा झाला — "सगळ्यात महागडं तेच आहे बाबा." त्यावर हे म्हणाले, "मालिशला परदेशी कशाला जायाचं? शिवाजी पेठंत तालमीत फुकट घालत्यात. आन् तुझ्या आईला शेजारी निजवून? शिवा शिवा."

मी म्हणणार होते वाळूवरच्या जेवणाचं. पण तोवर शशीच्या फोनकार्डाची मिनिटं संपली.

१० एप्रिल, सोमवार

उपवास. लिंगपूजा सावकाश झाली.

मनात आलं ते लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. पस्तीस वर्षांत आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलेलो नाही. भांडण म्हणून नव्हे, पद्धतच ती. लग्नात एका ताटात घास भरवले तेवढेच, तेही शंभर माणसं हसत असताना. नंतर सासूबाई होत्या. आम्ही त्यांना अत्ती म्हणायचो. अत्तींचा नेम — पुरुषाचं ताट उचलल्याशिवाय बाईनं घास घ्यायचा नाही. अत्ती मला कधी वाईट शब्द बोलल्या नाहीत, पण नेम म्हणजे नेम. त्या गेल्या तरी तसंच चालू राहिलं. लग्नकार्यात बायकांची पंगत वेगळी. श्रीशैलला गेलो तेव्हाही धर्मशाळेत मी डबा उघडून वाढायला उभी.

मला कशाची कमी नाही. फक्त एकदा गरम भात ह्यांच्यासमोर बसून खावा, एवढंच आहे. घरात ते जमायचं नाही. म्हणून ते चित्र.

१७ एप्रिल, सोमवार

उपवास. शशीचा फोन नाही. चित्र देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलं.

२० एप्रिल, गुरुवार

आज करून बघितलं. दुपारी दोन ताटं मांडली. ह्यांनी बघितलं. "पावणं येणार हाय काय?"

"न्हाई. मीच बसते म्हटलं."

"बस की." सरळ म्हणाले, मला वाटलं त्याहून सोपं गेलं.

बसले. तर मीठ राहिलेलं. उठले. बसले, तर लिंबू चिरायचं होतं. परत बसले, तर दूध उतू गेलं. ते आवरेपर्यंत ह्यांनी पाणी पिऊन तांब्या पालथा घातला होता. चपला घालत म्हणाले, "तुझं काय चाललंय आज? पोट बिघडलंय व्हय?"

मग मी जेवले. आमटी चांगली झाली होती.

२३ एप्रिल, रविवार

आज मी बोलले.

शशी म्हणाला, आज यादी पाठवायची शेवटची तारीख, मालिश पक्कं करतो. मी ह्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. म्हटलं, "मालिश नको. ते वाळूवरचं जेवण लिही."

"आई, जेवण कुठेही मिळतं. तिथं तीन वेळा आहेच. हे उगाच एक वाया घालवतेस."

"वाया तर वाया. मला तेच पाहिजे."

मला वाटतं तो पाळण्यात असल्यापासून त्यानं माझ्या तोंडून "मला पाहिजे" ऐकलेलं नसणार. मी काय मागते? भाजीवाल्याकडं कढीलिंबाची काडी.

"पण का?" त्यानं विचारलं. आता ह्यांच्यासमोर काय सांगू! म्हटलं, चित्र आवडलं.

ह्यांनी रिसीव्हर परत घेतला. "तिला जे पायजे ते लिही रं," म्हणाले, आणि ठेवून दिला. मग माझ्याकडं बघून, "जेवायला समुद्रात जायाचं. पडलीबिडलीस तर भात भिजंल." 

दिवसभर हाताला काम चढत होतं. चार किलो तांदूळ निवडून झाले.

३० एप्रिल, रविवार

बसवजयंती. मिरवणूक बघितली. पासपोर्ट ट्रंकेतून काढले — शशीकडं दुबईला जायचं म्हणून केले होते, तेव्हा ह्यांचा हंगाम आडवा आला. फोटोत मी चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. ह्यांचा बरा आहे.

शशीनं कळवलं, वाळूवरचं जेवण सोमवारी १५ तारखेला. म्हटलं बरंच झालं, उपवास तिथंच सोडीन.

१० मे, बुधवार

कडक भाकऱ्या केल्या. आमच्या जोंधळ्याच्या, पापडासारख्या वाळवलेल्या, महिनाभर टिकतात. तिथं शाकाहारी मिळेल असं शशी सांगतो, पण पाण्यात राहणाऱ्या लोकांचं काय सांगावं. नजीरा थापायला आली होती. बडबडीच्या नादात चार-पाच करपल्या. चांगल्या वर लावल्या, करपक्या तळाला. त्या माझ्या. शेंगदाण्याची चटणी, आणि ह्यांच्या आग्रहावरून गुळाची एक लहान ढेप.

नजीरा विचारत होती, वैनी, तिथं नेमकं करणार काय? सांगितलं, जेवणार. "एवढ्यासाठी?" म्हटलं, "बाई, तू जेवतीस न्हवं रोज नवऱ्यासंगं? मग तुला न्हाई कळायचं." ती पीठ झटकत म्हणाली, "जेवतो खरं. पर भांडतोय बी तितकंच."

१२ मे, शुक्रवार

रात्रीच्या गाडीनं मुंबई. अडतीची किल्ली दिवाणजी आकारामकडं दिली, तुळशीला पाणी नजीरा घालणार.

१४ मे, रविवार

पोचलो.

शेवटचं विमान अगदी बारकं, पाण्यावरनं उडतं, आत आम्ही दोघंच. हेच ते ह्यांनी निवडलेलं. पाणी खिडकीपासून हातभर. वर चढलं तसे हे दोन्ही हातांनी सीट धरून — "एष्टी बरी. एष्टीतनं उतरता येतंय." पण खाली हिरवी-निळी चकत्यांसारखी बेटं दिसली तेव्हा माझं कोपर दाबून दाबून दाखवत होते, लहान मुलासारखे. मी शंभू म्हटलं आणि डोळे उघडे ठेवले.

धक्क्यावर शहजाद घ्यायला उभा. मिरजेचा आहे, दोन पोरांचा बाप, पूर्वी शशीबरोबर कामाला होता. "काकू, प्रवास बरा झाला काय?" एवढ्या लांब येऊन मराठी कानावर पडली, मला भरून आलं. ह्यांनी गुळाची ढेप त्याच्या हातात दिली. त्यानं वास घेतला आणि डोळे मिटले.

संध्याकाळी डॉल्फिनची बोट. सात-आठ आले, उड्या मारून गेले. हे म्हणाले, पैसे वसूल. म्हटलं, कुठले पैसे?

१५ मे, सोमवार

पहाटे समुद्राकडं तोंड करून पूजा केली. इतकी शांत पूजा आजवर झाली नाही. पाण्याशिवाय दिवसभर काही घेतलं नाही. हिरवं लुगडं काढून ठेवलंय.

१६ मे, मंगळवार

काल जेवण झालं. झालं म्हणजे — सगळंच लिहिते.

शहजादनं होडीतून नेलं. तो पट्टा आपल्या तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याहून थोडा मोठा. टेबल, पांढरं कापड, दोन खुर्च्या, हुबेहूब चित्र. सूर्य टेकायला आलेला. शहजादनं खुर्ची ओढली, मी बसले. हे समोर बसले. पायाखाली वाळू गरम. मी मनात म्हटलं, आता.

शहजादनं भाताच्या भांड्यावरचं झाकण काढलं, आणि मी उठलेली होते. कधी उठले ते माझं मला कळलं नाही. डाव त्याच्या हातातून माझ्या हातात आला होता. "थांब, ह्यांना आधी भाकरी लागते, भात मागनं." भाकऱ्यांचं बोचकं सोडलं. चटणी, दही, आमटी, भात, वर तूप. तो बिचारा म्हणतोय, "काकू, तुम्ही बसा की, मला पगार त्याचाच हाय." मी ऐकते कुठली? ह्यांनी मान खाली घालून, अडतीवर गाड्या थांबल्यासारखं भराभर जेवण उरकलं. बोटं पुसली. "झालं माझं."

सूर्य अजून बुडला नव्हता. मी डाव घेऊन उभी.

शहजाद म्हणाला, "काका, हितं गोरी माणसं दोन-दोन तास बसत्यात एकमेकाकडं बघत. तुम्ही तर मिरज ष्टँडवर जेवल्यावानी जेवला." आणि होडीकडं गेला, तासाभरानं न्यायला येतो म्हणून.

मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढ्या लांब येऊन मी ताट वाढून दिलं!

पण एक झालं. घरी असते तर ह्यांनी चपला घातल्या असत्या. इथं जाणार कुठं, चारी बाजूंनी पाणी. खुर्चीतच बसून राहिले. "जेव की मग," म्हणाले. मी ताट घेतलं. समोर कोणी बघत असलं की घास उतरत नाही हे मला ठाऊकच नव्हतं. हे बघत होते.

"खालनं काय काढतीस?"

"भाकरी."

"वर चांगली हाय की. ही काळी कशाला?"

"सवय हाय."

"कवापासनं?"

"भाकऱ्या करपायला लागल्यापासनं," मी म्हटलं. हे हसले नाहीत. माझ्या ताटात बघत म्हणाले, "चटणीत दही कालवतीस तू?"

"व्हय."

"मला म्हाईत न्हवतं."

माझं ताट संपेपर्यंत बसले. होडीतून माझा हात धरून उतरवून घेतलं.

भात गार झाला होता. तरी पोटभर जेवले.

१९ मे, शुक्रवार

घरी. तुळस टवटवीत. नजीराला शंख दिला, कानाला लावून बसलीय.

२१ मे, रविवार

दुपारी भाकऱ्या केल्या, एक करपली. हे पाटावर बसले पण ताटाला हात लावेनात. म्हटलं, गार होतंय.

"तुझं ताट कुठं हाय?"

आणलं. मी समोर बसले. टोपलीतली करपकी ह्यांनी माझ्याआधी उचलली.