आईच्या जिनसेंगच्या सात मुळ्या

लेक्सिंग्टन, १२ ऑक्टोबर

प्रिय व्हर्नी,

मी सुखरूप आहे. तू आधी खाली बस.

त्या औषधी मुळ्यांची खरी किंमत सांगतो: आईने त्या जपण्यात घालवलेली पस्तीस वर्षं, तुझा गुडघा आणि ओढ्याकाठची रिकामी झालेली जागा. सातही तू खणून काढल्यास, कारण मीच लिहिलं होतं की शरीराची झीज थांबवणारा गुण मुळीच्या आत राहणाऱ्या बुरशीत असतो. ती बुरशी सापडली तर इथलं विद्यापीठ तिला आईचं नाव देणार होतं.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी ऐटीत डबा उघडला. "बाई, माझ्या बहिणीसारखी मुळी अख्ख्या डोंगरात कुणी सुकवत नाही. तीन आठवडे चुलीवर!"

संशोधक बाईंनी झाकण हळूच परत लावलं. त्यांची मदतनीस मागे पुटपुटली, "घ्या, आता आजीबाईंच्या सुपातच घाला या." माझ्या कानांतून एक शब्द सुटत नाही, तुला ठाऊकच आहे.

सुकताना आतली बुरशी मेली, व्हर्नी.

जिनसेंगच्या लाल फळांतल्या बिया परत पेरल्यास ना? गुडघा शेकतेस ना? आईने नावाचं शेजारणींना सांगून टाकलं असेल, तर तिला एवढ्यात काही बोलू नकोस. तुझं काहीच चुकलं नाही. मुळ्या ओल्या, मातीसकट हव्यात, हे बाईंनी मला जुलैमध्येच दोनदा सांगितलं होतं.

तुझा दादा,
एल्बर्ट