आईने विचारलं तर

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. पाकीट बघून दचकू नकोस. आपण दोघांनी लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवरून आता मेलसुद्धा जात नाही, म्हणून कागद.

काल ऑफिसची खोली रिकामी केली. शेवटचं गिऱ्हाईक, तो चिडका छापखानेवाला, स्वतः सांगायला आला. "ताई, नवा प्रिंटर तुमच्या सिस्टीमला ओळखच देत नाही हो. मी तरी कुठवर तग धरू?" त्याला चहा दिला. भांडायचं त्राण नव्हतं.

प्रदर्शनात आपल्या टेबलाभोवती केवढी गर्दी व्हायची! मोठ्या कंपनीचं मशीन डोळे चोळत उठेपर्यंत आपलं कामाला लागलेलं असायचं. तू तर हवेतच होतास. शाळांनी आपली सिस्टीम घेतली, मासिकांनी डोक्यावर घेतली. मग कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी ती नव्या मशीनमध्ये भरून द्यायला नकार दिला, प्रोग्राम लिहिणारे पांगले, आणि तू त्याच मोठ्या कंपनीत गेलास. भांडून गेलास तो गेलासच. फार राग होता मला. आता रागवायचाही कंटाळा येतो.

मुद्द्याचं राहतंयच. आईचा कॉम्प्युटर बंद पडला, शिवणाची मापं ठेवते तो. नव्या मशीनवर आपली सिस्टीम चढेना, म्हणून तुमच्या कंपनीची घातली.

आपली पद्धत आठवते? काही नवीन केलं की आधी आईपुढे ठेवायचं आणि तोंडाला कुलूप लावून मागे उभं राहायचं. आईने काही विचारलं तर चूक आपली. नियम तुझाच. त्यापायी कितीदा सगळं मोडून पुन्हा लिहिलं आपण!

परवा मी तशीच मागे उभी राहिले. ती चाचपडत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून करत होती. विचारलं मात्र काहीच नाही. शेवटी मीच म्हटलं, "अगं, विचार की!"

"नको," म्हणाली. "त्याने केलंय ना हे? मग मलाच जमत नसेल."



मशीनचं विचारत नाही, पण जेवताना रोज विचारते, "तो कधी येतो म्हणाला?" मी ठोकून देते, काम आहे, सुट्टी नाही. आता नव्या थापा सुचत नाहीत. भांडण आपल्या दोघांचं होतं, तिचं नव्हतं. आणि मलाही तू हवा आहेस. लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

आजही तिने विचारलं, दादा. नियम अजून तोच आहे.

दमलेली, तरी तुझीच,
धाकटी