मराठी समाजाची दीडशे मतं

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. वॉर्डाचं राजकारण इतकं किळसवाणं झालं आहे की एका तरी स्वच्छ माणसाने नोंद ठेवायला हवी. हिंदी मुलखातल्या आमच्या जुनवानीत पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, इलेक्शन वीस तारखेला, आणि समोरच्या गल्लीत साड्या वाटणं आतापासून सुरू. लोक हात पसरून घेतात. शी.

मी स्टील प्लँटच्या प्लेट मिलमधून रिटायर झालो, पण कोणापुढे हात पसरला नाही. संध्याकाळी उमेदवाराकडे, भैय्याजींकडे, जाऊन आलो. सांगितलं, मराठी समाजाची दीडशे मतं माझ्या शब्दावर आहेत. बदल्यात काही नको. फक्त आमच्या मुलाला, सुमंतला, प्लँटच्या ठेकेदाराकडे फिटर म्हणून लावून द्या. याला मोबदला म्हणत नाहीत, ओळख म्हणतात. ते म्हणाले, काका, हो गया समझो.

५ डिसेंबर
सुमंतला पुण्याच्या कंपनीचा कॉल. अकरा तारखेला इंटरव्ह्यू. मी म्हटलं, जायचं नाही, इथलं पक्कं आहे. तो म्हणाला, बाबा, भैय्याजीनं लिहून देलं का तुमाले? या पिढीचा कशावर विश्वासच नाही. भरलेली बॅग रिकामी करायला लावली.

९ डिसेंबर, गुरुवार
भैय्याजींचा माणूस बाबुलाल आला. म्हणे, दीडशे मतं दाखवा. मला लगेच आयडिया सुचली. मार्गशीर्षाचं हळदीकुंकू आमच्याकडे, वाण भैय्याजींचं. स्टीलचे डबे, झाकणावर त्यांचा फोटो. ही लाच नव्हे, संस्कृती.

माझी बायको कमला म्हणाली, उद्यापन शेवटच्या गुरुवारी असते, तुमच्या इलेक्शनसाठी देवी घाई करून राहिली का? पुढचा गुरुवार ठरवला. देवी समजून घेईल.

१६ डिसेंबर, संध्याकाळी सात
मराठी मंडळाच्या वहीतल्या सगळ्यांना फोन केले होते. एकशे बारा बायका आल्या. सेक्टर १० च्या सिंधुताई तीन सुना घेऊन, पद्मनाभपुरच्या तर चक्क टेम्पो करून. डबे कमी पडले. एकासाठी दोघी भांडल्या. चांगल्या शिकलेल्या बायका. शी. बरं झालं, आमच्या घरचे दोन मी आधीच बाजूला ठेवले होते.

बाबुलाल दारात उभा राहून प्रत्येकीला घर कुठे ते विचारत होता. शेवटी म्हणाला, काका, पद्मनाभपुर तो दुर्ग शहर में आता है, सेक्टर दस का वार्ड अलग है. अपने वार्ड की छब्बीस ही थीं. मी म्हटलं, समाज एक आहे. संकुचित माणूस.

२० डिसेंबर
मतदान. कमलाला विचारलं, कोणाला दिलंस? म्हणाली, मत गुप्त असते. घरातच हे.

२३ डिसेंबर
भैय्याजी निवडून आले. दोन हजारांनी. त्यातले दीडशे माझे. हार घेऊन गेलो. गर्दी फार होती, हार बाबुलालनेच घेतला.

२८ डिसेंबर
फिटरची जागा बाबुलालच्या साळ्याला. भैय्याजींना तडक विचारलं. ते म्हणाले, काका, आपको भूले नहीं हैं. लेटर दिलं. मी वॉर्डाच्या ज्येष्ठ नागरिक प्रकोष्ठाचा, म्हणजे सेलचा, उपाध्यक्ष. शिक्क्यासकट.

सुमंतपुढे ठेवलं. त्याने नीट वाचलं आणि विचारलं, हे दाखवलं तर गेटच्या आत सोडतात का? मी म्हटलं, पुण्याला परत विचारून पाहा. त्याने कालच विचारलं होतं. जागा भरली आहे.

३ जानेवारी
सुमंत पहाटे पाचला उठून प्लँटच्या लेबर गेटवर जाऊन उभा राहिला. हेल्पर म्हणून घेतलं, रोजीवर. फिटरचं सर्टिफिकेट कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी काळाकुट्ट होऊन आला. आंघोळ केली, माझ्या शेजारी बसून जेवला. भाजी चांगली झाली म्हणाला, मला आणखी वाढायला सांगितली. पुण्याचं नाव काढलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिनाभर मला सगळ्या वॉर्डाची किळस येत होती. आज पोराशेजारी जेवायला बसलो, तेव्हा किळस आली ती माझी स्वतःचीच.