काचेतलं रेशनकार्ड

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.
निवृत्तीला दोन महिने झाले. ठराव: मावळातली भूक वर्षभरात संपवायची. धान्य वाटून नाही. वाटणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. शनिवारी मुंबईहून येतात, पाकिटं वाटतात, फोटो काढतात आणि चिक्की घेऊन परत जातात. आपलं काम अॅडव्होकसीचं. सगळ्या गावांची मिळून आघाडी उभारायची, शासनाला जाब विचारायचा. नाव: भूकमुक्त मावळ महाआघाडी. अध्यक्ष सर्वानुमते मी. (मत घ्यायला अजून कोणी नाही.)
बायकोला, माधवीला, सांगितलं. ती म्हणाली, आधी मंडईतून मेथी आणा. या घरात दूरदृष्टी मला एकट्यालाच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
तिकोणा पेठेला गेलो. तिथली अंगणवाडी सेविका यशोधरा सोबत होती. कामाची मुलगी, पण विचार तोकडा. तिने विठाबाईंकडे नेलं. वय बहात्तर, एकट्या राहतात. जन्मभर भात लावून आणि बंगल्यांवर भांडी घासून बोटं गुळगुळीत झालेली. रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. गेल्या महिन्यापासून धान्य बंद. दुकानदाराने सांगितलंय, मूळ कार्ड घेऊन वडगावच्या पुरवठा शाखेत जा, नोंद दुरुस्त करून देतील. पण महिनाअखेरच्या आत. यशोधरा त्यांना गुरुवारी नेणार होती.
मी थांबवलं. एका बाईचं काम खिडकीवर उरकलं तर बाकीच्यांच्या प्रश्नाचं काय? सुटलेला प्रश्न घेऊन परिषद भरवता येत नाही. कार्ड मी ताब्यात घेतलं. मूळच घेतलं, झेरॉक्सला वजन नसतं.
विठाबाईंनी विचारलं, "भाऊ, कारड कदी द्याल? म्हैनाअखेरपतोर जायाचं हाय."
म्हटलं, आठ दिवसांत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
आमच्याकडे संस्थापक बैठक. उपस्थिती सहा. विषय एक: बॅनर. कार्ल्याचा निलेश हॉटेलवाला आहे. परिषदेचा हॉल त्याचा, म्हणून नाव पहिलं हवं म्हणे. मी अध्यक्ष आहे याची त्याला कल्पना दिली. मग फोटो कोणाचा मोठा, यावर दीड तास. माणसं इतकी क्षुद्र असू शकतात यावर विश्वास बसत नाही. अखेर माझा फोटो मोठा आणि त्याचं नाव वर, असं ठरलं. चाळीस बटाटेवडे संपले. भुकेचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
सुचलेली कल्पना लिहून ठेवतो, नाहीतर कोणीतरी चोरेल. विठाबाईंचं कार्ड फ्रेम करून घेतलं. काच, सोनेरी पट्टी. व्यासपीठावर मधोमध ठेवणार. बाजारातला फ्रेमवाला मागून सगळं चिकटवून देतो, धूळ आत जात नाही.
यशोधराचे तीन फोन. उचलले नाहीत. या लोकांना धीर म्हणून नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. रात्री.
परिषद झाली. खुर्च्या दोनशे. हजर: मी, निलेश, त्याचा मॅनेजर आणि बोरिवलीचं एक कुटुंब. ते जेवणाचा बुफे समजून आत आले होते, पण शेवटपर्यंत बसले. जिज्ञासू वाटले. गावातलं एक माणूस नाही. विचारलं तर म्हणे भातकापणी चालू आहे. म्हणजे भुकेपेक्षा यांना भात महत्त्वाचा! अशा समाजाचं भलं कसं करायचं?
निलेश म्हणाला, तारीख ठरवताना कुणाला विचारलं होतंत का? आघाडीतली पहिली फूट. अपेक्षित होतीच.
फ्रेम छान दिसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
यशोधरा थेट घरी. कार्ड द्या म्हणाली. विठाबाई सकाळी पेज पितात आणि संध्याकाळी चहावर झोपतात, असं सांगत होती. 'संध्याकाळी चहावर' हे भाषणासाठी टिपून घेतलं. मग तिला धोरणात्मक लढा समजावला, चाळीस मिनिटं. ती दारातच उभी होती. २८ला शिष्टमंडळ घेऊन मीच वडगावला जातोय, म्हटलं.
ती गेल्यावर माधवी म्हणाली, कार्ड देऊन टाका. घरातूनच विरोध असेल तर माणसाने काय करावं?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.
शिष्टमंडळ: मी. बाकीच्यांनी ऐन वेळी कच खाल्ली. फ्रेम बगलेत धरून रांगेत उभा राहिलो. कारकून विचित्र निघाला. निवेदन न वाचताच म्हणाला, "ह्या आजी कुठंयत? त्यांना आणा, कार्ड काचेतून काढा. दहा मिनिटांचं काम आहे. आज महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस."
मी त्याला सांगितलं, हे कार्ड नाही, प्रतीक आहे. त्याने रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. शेवटी निवेदनावर पोच घेतली. फोटो काढला. ऐतिहासिक दिवस.

१ डिसेंबर, सोमवार.
सकाळी दारात विठाबाई. पहिल्या एसटीने आल्या होत्या. दुकानदाराने त्यांना सांगितलंय, नाव यादीतून गेलं. आता नव्याने अर्ज, आणि धान्य सुरू व्हायला दोन महिने.
मी शासनावर बोलू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मशीन माजा अंगठा वळखत न्हवतं, त्ये खरं. पन कारड तरी माज्या घरात हुतं."
माधवीने फ्रेम उतरवली. बत्त्याने काच फोडली, मागचा पुठ्ठा सुरीने खरवडला. कार्डाचा एक कोपरा फाटला. विठाबाईंनी ते पदराला पुसलं आणि पिशवीत ठेवलं. माधवीने त्यांना जेवायला बसवलं. त्या भराभर जेवल्या. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो.

४ डिसेंबर, गुरुवार.
यशोधरा काल गावातल्या अकरा बायकांना घेऊन वडगावला गेली. सगळ्यांचे अंगठे याच महिन्यात अडलेले. दुपारपर्यंत अकराही कामं झाली. बॅनर नाही. विठाबाईंचा नवा अर्जही दिला. त्यांचं धान्य सुरू होईपर्यंत नव्या भातातलं प्रत्येक घराने थोडं थोडं द्यायचं ठरलंय. म्हणजे आघाडी झालीच. मूळ कल्पना माझी. पण मला कोणी कळवलंसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा!

७ डिसेंबर, रविवार.
माधवीने दोन किलो इंद्रायणी बांधून दिला. नेऊन द्या म्हणाली. बोलण्याचा सूर ऐकून निघालो.
अंगणवाडीत जमलेल्या तांदळाची वही ठेवलीय. यशोधरा लिहीत होती. म्हटलं, माझं नाव संस्थापक म्हणून वर घाला. तिने विचारलं, पिशवीत किती किलो? कोपऱ्यात विठाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बसायला पाट सरकवला. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
महिनाभर त्यांचं धान्य मशीनने अडवलं नव्हतं. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.
निघताना वही पाहिली. लिहिलं होतं: माधवीताई, लोणावळा. तांदूळ दोन किलो. हस्ते त्यांचे मालक.